मापातले पाप

१ मे हा महाराष्ट्र दिन. २०२५ च्या १ मे रोजी राज्याच्या स्थापनेला ६५ वर्षे पूर्ण झाली. याच दिवशी जगभरचे कामगार १८८६ साली शिकागोत आठ तासांच्या दिवसासाठी झालेल्या लढ्याचे स्मरण करतात. जवळपास त्याच सुमारास नारायण मेघाजी लोखंडे मुंबईच्या गिरणी कामगारांना संघटित करत होते. त्यांच्या खटपटीने १० जून १८९० पासून गिरण्यांना रविवारची सुट्टी मिळाली. दोन्ही लढ्यांची मागणी मुळात एकच होती. कामाला वेळेची हद्द असावी, म्हणजे दिवस किती तासांचा आणि आठवडा किती दिवसांचा हे मालकाच्या मर्जीवर नसावे. ही हद्द पुढे कायद्यात आली. १९४८ च्या कारखाने अधिनियमाने आठवड्याला ४८ तासांची मर्यादा घातली. या दिवशी झेंडावंदनानंतर होणाऱ्या भाषणांत या इतिहासाचा गौरव होतो, आणि तो व्हायलाही हवा.

पण सोलापुरात बसून हा दिवस पाहिला की वेगळाच प्रश्न समोर येतो. या जिल्ह्यात राबणाऱ्यांपैकी किती जणांचे काम मुळात तासांत मोजले जाते? विडी कामगार बाईची मजुरी हजार विड्यांवर ठरते, यंत्रमागावरच्या विणकराची नगावर किंवा मीटरवर. टॉवेलची किनार शिवणारी बाई डझनावर शिवते. ऊसतोडीच्या जोडप्याला टनावर पैसे मिळतात आणि बाजार समितीतल्या हमालाला पोत्यावर. रोजगार हमीच्या कामावर खोदलेल्या मातीचे मोजमाप होते. बांधकामावरच्या मजुराची तेवढी दिवसाची हजेरी लागते, पण उद्या काम असेल की नाही हे त्याला आज संध्याकाळी ठाऊक नसते. आठ तासांचा कायदा यांच्यापैकी बहुतेकांच्या दारावरून निघून जातो, कारण त्यांनी किती तास काम केले हे कोणी विचारतच नाही.

म्हणून कामगार दिनी आम्हाला मजुरीच्या आकड्यापेक्षा मजुरीच्या मापाबद्दल बोलायचे आहे. वेगवेगळ्या धंद्यांत मजुरी कमी-जास्त का, याची उत्तरे आपण कौशल्यात, शिक्षणात, कष्टात शोधतो. जकार्डवर चादर विणायला कौशल्य लागत नाही, किंवा डिसेंबरच्या पहाटे चार वाजता उसाच्या फडात उतरायला कष्ट पडत नाहीत, असे कोण म्हणेल? तरीही हे धंदे मजुरीच्या उतरंडीत तळाशी आहेत. मोजणी कोण करतो आणि त्या मोजणीवर हरकत घेण्याची ताकद कोणात आहे, यावरून धंद्याची मजुरी ठरते, असे आमचे निरीक्षण आहे. एका जिल्ह्यातले वेगवेगळे धंदे शेजारी शेजारी ठेवून पाहिले की ते उघड दिसते.

सोलापूरला मापाचा हा प्रश्न नवा नाही. शहरात पहिली कापड गिरणी १८७७ साली उभी राहिली. आजही लोक तिला जुनी मिल म्हणूनच ओळखतात. दुष्काळाने गावे सोडून आलेली माणसे, तेलंगणातून आलेली पद्मशाली विणकर कुटुंबे, गुन्हेगार ठरवून तारेच्या कुंपणात डांबलेली 'सेटलमेंट'मधल्या जमातींची माणसे अशा सगळ्यांच्या श्रमावर ते गिरण्यांचे शहर वाढले. गिरणी म्हणजे सुखाचे काम नव्हते. पण गिरणीत हजेरीचे मस्टर होते. बदली कामगारालाही आपल्या कार्डाचा आधार असे. भोंगा वाजला की पाळी सुरू आणि भोंगा वाजला की संपली, हे सगळ्या पेठांना ऐकू येई. मापाची जागा चार भिंतींत होती. माप सगळ्यांसमक्ष होते, आणि म्हणूनच त्यावर भांडता येत होते. १९३० च्या मे महिन्यात या शहराने इंग्रजी सत्ता हादरवली. त्या गर्दीत गिरणी कामगार पुढे होते, आणि फासावर गेलेले कुर्बान हुसेन त्यांचे पुढारी होते. एकत्र काम करणारी माणसे एकत्र उठू शकतात, हे सोलापूरने मार्शल लॉ सोसून दाखवले.

आणखी एक गोष्ट फारशी कोणाला आठवत नाही. मुंबई इलाख्याच्या लेबर ऑफिसने कामगारांच्या राहणीमान खर्चाचे निर्देशांक काढायला सुरुवात केली, तेव्हा मुंबई आणि अहमदाबादच्या जोडीला सोलापूरही होते. सोलापूरचा निर्देशांक १९२७-२८ च्या भावांवर बेतलेला होता. आजही औद्योगिक कामगारांच्या ग्राहक किंमत निर्देशांकासाठी देशभरातल्या निवडक शहरांतून भाव गोळा होतात आणि त्यांत सोलापूर आहे. म्हणजे इथल्या बाजारातल्या ज्वारीचा, तुरीच्या डाळीचा, घरभाड्याचा भाव ज्या निर्देशांकात जातो, त्यावर केंद्र सरकारच्या कर्मचाऱ्याचा महागाई भत्ता ठरतो. जानेवारी २०२५ पासून तो ५५ टक्के झाला. सातव्या वेतन आयोगाचे किमान मूळ वेतन १८,००० रुपये धरले, तर भत्त्यासह ते २७,९०० होते. कर्मचाऱ्याला तो मिळतो हे योग्यच आहे. त्याच्याबद्दल आमची तक्रार नाही. पण ज्या पेठांतून हे भाव टिपले जातात, त्याच पेठांत राहणाऱ्या विडीवाल्या बाईला महागाईची भरपाई मिळवायला दर खेपेला रस्त्यावर यावे लागते. तिच्या चुलीचा खर्च सरकार इतक्या काटेकोरपणे मोजते, आणि तिचे काम मोजण्याची वेळ आली की ते माप विडी कारखान्याच्या शाखेतल्या माणसावर सोडून देते.

गिरण्या एकामागून एक बंद पडल्या. विसावे शतक संपता संपता भोंगे थांबले. कापड मात्र थांबले नाही, ते गिरणीतून यंत्रमागाच्या शेडमध्ये गेले. कामगाराच्या घरातली बाई आधीपासूनच विड्या वळत होती. गिरणीचा पगार गेल्यावर तिच्या विड्या घराचा मुख्य आधार झाल्या. हा बदल नुसत्या उत्पन्नाचा नव्हता. मस्टरवरची माणसे उठली आणि नगावर, हजारावर, मीटरवर जाऊन बसली.

विडीचे काम जवळून पाहिले तर माप कसे हातातून निसटते ते कळते. शहरात आणि आसपास पन्नास हजारांहून अधिक बायका हे काम करतात. कारखाना तेंदूची पाने, तंबाखू आणि सूत देतो. रात्री पाने भिजत घालायची, मग कात्रीने मापात कापायची, दुसऱ्या दिवशी वळायची, तोंडे दुमडायची, सुताने बांधायची, जुड्या लावायच्या आणि शाखेत नेऊन रांगेत उभे राहायचे. तिथे तपासणारा माणूस काही विड्या खराब म्हणून बाजूला काढतो. त्या विड्यांची मजुरी मिळत नाही. दिलेली पाने भिजकी, किडकी किंवा अपुरी निघाली तर घट भरायला बाईने पदरची पाने विकत घ्यायची. १९६६ च्या विडी व सिगार कामगार कायद्याला या सगळ्याची कल्पना होती. खराब म्हणून किती माल नाकारता येईल यावर त्याने बंधन घालण्याची सोय केली आणि वादाला दाद मागण्याची वाटही ठेवली. पण जिला उद्या पुन्हा त्याच रांगेत उभे राहून पाने घ्यायची आहेत, ती बाई आज वाद कसा घालणार?

किमान वेतनाची अधिसूचना हजार विड्यांचा दर ठरवते. त्यात एक न बोललेले गृहीत आहे, की हजार विड्या म्हणजे एका माणसाचा एक दिवस. प्रत्यक्षात पाने कापायला सासू बसते, सुताने बांधायला शाळेतून आलेली मुलगी बसते, आणि तरीही बाईचा हात रात्री उशिरापर्यंत चालू असतो. हिशेबाच्या पुस्तकात नाव एकटीचे असते. तीन माणसांच्या श्रमाला एका माणसाची मजुरी, तीही खराब विड्यांची वजावट करून, आणि मग कागदोपत्री किमान वेतन दिल्याचा शेरा. तंबाखूची धूळ छातीत जाते, बोटांची टोके झिजतात, मान आणि पाठ कायमची धरते. यातल्या कशाचेही माप हजाराच्या दरात धरलेले नाही.

या बायकांनी काहीच मिळवले नाही, असे मात्र कोणी म्हणू नये. घरी बसून काम करणारी स्त्रीही कारखान्याचीच कामगार आहे आणि भविष्यनिर्वाह निधीवर तिचा हक्क आहे, हे सर्वोच्च न्यायालयाने १९८० च्या दशकात मान्य केले. कुंभारीला गोदूताई परुळेकरांच्या नावाने विडी कामगार महिलांची दहा हजार घरांची वसाहत उभी राहिली. २००६ साली पंतप्रधान मनमोहन सिंग तिच्या सोहळ्याला आले होते. पुढे असंघटित कामगारांसाठी तीस हजार घरांच्या रे नगरची योजना झाली आणि त्यातल्या पंधरा हजार घरांच्या चाव्या जानेवारी २०२४ मध्ये पंतप्रधान नरेंद्र मोदी यांच्या हस्ते दिल्या गेल्या. नरसय्या आडम यांच्यासारख्या कार्यकर्त्यांनी वर्षानुवर्षे मोर्चे काढले, त्याचे हे फळ. सत्तेवर कोणताही पक्ष असो, संघटित बायकांनी घरे काढून घेतली. पण त्याच बायकांना हजाराचा दर आणि खराब विड्यांची वजावट यांत तेवढे यश आले नाही. घरासाठी भांडताना त्या सगळ्या एका ठिकाणी जमत होत्या आणि समोर सरकार होते. विडीच्या मोजणीला प्रत्येकीला एकटीने उभे राहावे लागते.

आता शहराबाहेर जाऊ. साखर कारखान्यांच्या संख्येत सोलापूर जिल्हा राज्यात पहिला आहे. गळीत हंगामात बीडकडून आणि मराठवाड्याच्या इतर भागांतून कोयते इथे येतात. कोयता म्हणजे नवरा-बायकोचे जोडपे. हिशेब दोघांचा मिळून, उचल दोघांच्या श्रमावर, आणि पैसे बहुधा नवऱ्याच्या हातात. जानेवारी २०२४ मध्ये तोडणीच्या दरात ३४ टक्के वाढ झाली आणि टनाचा दर सुमारे २७३ रुपयांवरून ३६६ वर गेला. वाढ मोठी होती, आणि ती संघटनांनी संप आणि वाटाघाटी करून मिळवली. आता तिचा दिवसाचा हिशेब मांडू. चांगल्या फडात एक जोडपे दिवसाला दोन टनांच्या आसपास ऊस तोडते. त्याचे ७३२ रुपये, म्हणजे माणशी ३६६. पहाटेपासून मोळ्या बांधून गाडी भरेपर्यंत बारा ते चौदा तास जातात. तासाला २६ ते ३० रुपये पडले. उसाचे वाढे विकून चार पैसे सुटतात, ते वेगळे. आजारपणाने एक दिवस बुडाला तर मजुरी जातेच, वर मुकादम खाड्याचा दंड लावतो. पाळीच्या दिवसांत किंवा बाळंतपणानंतर बाईला विश्रांती घेणे किती महाग पडते, हे २०१९ मध्ये विधान परिषदेच्या तत्कालीन उपसभापती नीलम गोऱ्हे यांच्या समितीच्या पाहणीने दाखवून दिले. बीड जिल्ह्यातल्या ८२,३०९ ऊसतोड स्त्रियांपैकी १३,८६१ जणींची गर्भाशये काढलेली आढळली. एखाद्या धंद्यातल्या मजुरीच्या पद्धतीचा परिणाम शरीरावर कुठपर्यंत जातो, याचा याहून भयंकर पुरावा महाराष्ट्राकडे नाही. आणि ऊस तोलला जातो तो कारखान्याच्या काट्यावर, तोडणाऱ्याच्या पाठीमागे. काटामारीची तक्रार ऊस उत्पादक शेतकरीही करतो. त्याच्यामागे निदान संघटना आणि सभासदत्व असते. त्याच काट्यावर ज्याची मजुरी ठरते तो तोडणारा मात्र त्या वेळी पुढच्या फडात वाकलेला असतो.

या सगळ्या धंद्यांत एक गोष्ट समान आहे, आणि मजुरीच्या चर्चेत ती जवळजवळ कधीच येत नाही. वाट पाहण्याची मजुरी कोणी देत नाही. यंत्रमागावर वीज गेली की माग थांबतो, बीम संपला की नवा चढवून धागे जोडेपर्यंत थांबतो, सूत महागले की आठवडाभर थांबतो. विणकर शेडमध्येच असतो, पण नग पडत नाहीत. कारखान्याच्या दारात उसाच्या गाड्यांची रांग लागते. रिकामी गाडी परत येईपर्यंत फडातले जोडपे थांबते आणि मग रात्री कंदिलाच्या उजेडात भरणी करते. विडीवाली शाखेच्या रांगेत थांबते. नाक्यावरचा बांधकाम मजूर सकाळी सातपासून थांबतो आणि दहा वाजेपर्यंत कोणी नेले नाही तर डबा तसाच घेऊन घरी जातो. वेळेच्या मापाने पगार असणाऱ्याच्या कामात खंड पडला तर तोटा मालकाचा. नगावर मजुरी असणाऱ्याच्या कामात खंड पडला तर तोटा त्याचा स्वतःचा. विजेचा, बाजाराचा, पावसाचा, यंत्राचा सगळा धोका मालकाकडून मजुराच्या अंगावर ढकलण्याची ही सगळ्यात स्वस्त रीत आहे.

म्हणूनच आपल्या तरुणांच्या वागण्याला नावे ठेवणाऱ्यांनी जरा थांबावे. २०२४ मध्ये राज्य पोलीस दलाच्या १७,४७१ जागांसाठी सतरा लाखांहून अधिक अर्ज आले. त्याआधी २०२३ मध्ये तलाठ्यांच्या साडेचार हजारांवर जागांसाठी दहा लाखांहून अधिक. पदवीधर, अभियंते, पदव्युत्तर मुले-मुली शिपायाच्या जागेसाठी पहाटे मैदानावर धावतात. काही जण याला सरकारी नोकरीचे वेड म्हणतात. आम्हाला यात वेड दिसत नाही, हिशेब दिसतो. या मुलांनी आपल्या घरात हजाराचे, टनाचे, नगाचे माप पाहिले आहे. महिना संपला की पगार, आजारी पडले तर रजा, महागाई वाढली तर भत्ता, अशी नोकरी फार थोड्या ठिकाणी उरली आहे आणि तिची वाट त्यांनी बरोबर ओळखली आहे. ज्यांना ती मिळत नाही ते पुण्याची गाडी धरतात. हिंजवडीच्या आयटी कंपन्यांच्या इमारतींत पगार घेणारे थोडे, आणि त्या इमारतींच्या दारावर सुरक्षारक्षक म्हणून बारा तास उभे राहणारे बरेच.

मापाची व्यवस्था बदलता येते याचा दाखला परदेशात शोधायची गरज नाही. तो महाराष्ट्राने स्वतःच घालून दिला आहे. हमाल हा तर सगळ्यात मोकाट कामगार होता. ठरलेला मालक नाही, पोत्यावर मजुरी, आज इथे तर उद्या तिथे. अण्णासाहेब पाटलांच्या नेतृत्वाखालच्या लढ्यामुळे १९६९ साली माथाडी कायदा झाला आणि तो देशात पहिला होता. हमालाला तासाचा पगार द्या, असे त्या कायद्याने म्हटले नाही. मजुरी पोत्यावरच राहिली. बदलली ती मोजणीची जागा. हमालाची आणि व्यापाऱ्याची दोघांची नोंद मंडळाकडे. मजुरी आणि तिच्यावरची लेव्ही व्यापाऱ्याने मंडळात भरायची आणि मंडळाने ती हमालाला द्यायची. त्यातूनच भविष्यनिर्वाह निधी, उपदान, सुट्ट्यांचा पगार, औषधोपचार. मालक, कामगार आणि सरकार तिघांचे प्रतिनिधी मंडळावर. पोत्याचे वजन शंभर किलोवरून पन्नास किलोवर यावे म्हणून बाबा आढाव आणि हमाल पंचायत वर्षानुवर्षे झगडले. तोही मापाचाच लढा होता. सोलापूरची बाजार समिती आज कांद्याच्या मोठ्या बाजारपेठांत गणली जाते. तिथल्या नोंदणीकृत हमालाचे आणि शहरातल्या विणकराचे शिक्षण सारखे, वस्ती सारखी, अंगमेहनत सारखी. तरी म्हातारपणी एकाच्या हातात निधीची रक्कम असते आणि दुसऱ्याच्या हातात काही नसते. हा फरक कौशल्याने पडलेला नाही. माथाडी मंडळांतही दोष शिरले आहेत, बोगस नोंदी आणि खंडणीच्या तक्रारी आहेत, आणि त्यांचा बंदोबस्त झालाच पाहिजे. त्यासाठी मंडळांची व्यवस्थाच मोडीत काढणे हा इलाज नव्हे.

यंत्रमागधारकांची बाजूही ऐकली पाहिजे. सोलापुरातला मागवाला हा बहुधा मोठा भांडवलदार नसतो. अनेकांचे वडील स्वतः विणकर होते. सुताचा भाव त्याच्या हातात नाही, टॉवेलचा भाव व्यापारी आणि निर्यातदार ठरवतो, आणि वीज महाग आहे. विडीच्या बाबतीत असे म्हणतात की घरी काम केल्याने बाईला मुलांकडे पाहता येते, तिला कारखान्यात बसवले तर तिचेच नुकसान. या दोन्ही म्हणण्यांत तथ्य आहे. नगावर मजुरी हा काही गुन्हा नाही आणि ती बंद करा अशी आमची मागणी नाही. पण नगाचा दर कशावरून काढला, हे विचारण्याचा हक्क मजुराला हवा. साधारण कुवतीच्या माणसाचे आठ तासांत किती नग होतात, हे मोजल्याशिवाय ठरवलेला दर हा मजुरीचा दर नव्हे, मालकाला परवडेल तेवढ्याचा आकडा आहे.

हे आमचे काही नवे म्हणणे नाही. १९४८ च्या किमान वेतन कायद्यात नगावर काम करणाऱ्यांसाठी वेळेच्या हिशेबाने हमीचा दर ठरवण्याची तरतूद पहिल्यापासून होती. काम कमी झाले तरी एवढ्या वेळाचे एवढे मिळायलाच हवे, असा तिचा अर्थ. ती जवळपास वापराविना पडून राहिली. १९५७ साली पंधराव्या भारतीय श्रम परिषदेने किमान वेतनाचा आधार ठरवला. प्रौढ माणसाला दिवसाला २,७०० उष्मांकांचे अन्न, कुटुंबाला वर्षाला ७२ वार कापड, घरभाडे, इंधन, दिवाबत्ती. इतरांसाठी रोज कितीतरी वार कापड विणणाऱ्या शहरात विणकराच्या घरी वर्षाला ७२ वार कापड येते का, ही साधी तपासणीही कोणी केलेली नाही. १९८३ साली सर्वोच्च न्यायालयात राजस्थानातल्या दुष्काळी कामाच्या प्रकरणाचा निकाल लागला. तिथे मजुरांच्या टोळीचे काम मोजून मजुरी दिली जात होती आणि ती किमान वेतनापेक्षा कमी पडत होती. न्यायालयाने ती वेठबिगारी ठरवली आणि दुष्काळी मदतीची सबब मान्य केली नाही. १९७२ च्या दुष्काळात खडी फोडलेल्या, मुरूम उपसलेल्या आणि त्यातूनच देशाला रोजगार हमीची कल्पना दिलेल्या महाराष्ट्राने हा निकाल विसरता कामा नये. २०२५ मध्ये रोजगार हमीची मजुरी दिवसाला ३१२ रुपये होती, आणि तीही मोजमाप पूर्ण भरले तर.

केंद्राची २०१९ सालची वेतन संहिता अमलात यायला २०२५ चा नोव्हेंबर उजाडला. देशभरासाठी तळाचे वेतन २०१७ मध्ये दिवसाला १७६ रुपये ठरले. सरकारनेच नेमलेल्या अनुप सत्पथी समितीने २०१९ मध्ये ते ३७५ असावे असे सांगितले, आणि तो अहवाल बाजूला राहिला. दिल्लीची वाट पाहत बसण्यात अर्थ नाही.

शिवाय नगावरच्या मजुरीचे हे माप आता नव्या धंद्यांत शिरले आहे. आशा सेविकेच्या कमाईतला मोठा हिस्सा दर बाळंतपणामागे, दर लसीकरणामागे, दर सर्वेक्षणामागे मिळणारा मोबदला असतो. घरोघर जेवण पोचवणाऱ्या मुलाला दर ऑर्डरमागे पैसे मिळतात. ऑर्डर का आली नाही, दर का घटला, गुण का कापले, हे सांगणारे माणूसच समोर नसते. विडीच्या शाखेत निदान तपासणाऱ्याचा चेहरा दिसतो. राजस्थानने २०२३ मध्ये अशा कामगारांसाठी कायदा करून प्रत्येक व्यवहारामागे कल्याण निधीची रक्कम कापण्याची तरतूद केली. ती वाचताना माथाडी मंडळाच्या लेव्हीची आठवण येते. जी वाट महाराष्ट्राने १९६९ साली पाडली तिच्यावरून आज दुसरी राज्ये चालू लागली आहेत, आणि आपण मात्र आपल्याच लाखो मजुरांना तिच्यावर घेतलेले नाही.

धनंजयराव गाडगीळांनी गोखले अर्थशास्त्र संस्थेच्या वतीने सोलापूर शहराची सामाजिक-आर्थिक पाहणी केली होती. तिचे पुस्तक १९६५ साली आले. तशी पाहणी आता पुन्हा व्हावी, आणि तिच्यात मजुरीबरोबर तासही मोजले जावेत. सोलापूरच्या विद्यापीठाने आणि कामगार खात्याने मिळून हे काम हाती घेतले तर त्याला फार पैसा लागणार नाही. आठ तासांत किती विड्या होतात, किती टॉवेल होतात, किती वेळ नुसता थांबण्यात जातो, हे कामगार बायका आणि विणकर यांच्यासमोर, त्यांच्याच घरांत आणि शेडमध्ये मोजावे. त्या मोजणीवर हजाराचा आणि नगाचा दर आणि वेळेची हमी ठरावी. खराब विड्यांची रोजची नोंद बाईच्या पुस्तकात आणि तिच्या सहीनिशी व्हावी. उसाच्या प्रत्येक गाडीच्या वजनाची पावती मुकादमाबरोबर तोडणाऱ्या टोळीलाही मिळावी, आणि कोयत्याच्या मजुरीची निम्मी रक्कम बाईच्या खात्यात थेट जमा व्हावी. विडी आणि यंत्रमाग या दोन धंद्यांसाठी माथाडीच्या धर्तीवर त्रिपक्षीय मंडळ स्थापन करण्याचा ठराव सोलापुरातल्या आमदारांनी पक्षभेद बाजूला ठेवून येत्या अधिवेशनात मांडावा. किमान वेतनावरचा विशेष भत्ता दर सहा महिन्यांनी बदलतो.  त्याच्या पुढच्या अधिसूचनेबरोबर कामगार आयुक्तांनी नगावरच्या कामासाठी वेळेच्या हमीचा दरही जाहीर करावा. त्यासाठी नवा कायदा लागत नाही. अधिकार १९४८ पासून सरकारच्या हातात आहे.